कट्टा बदलताना आधी पाणी शोधा

बेळगुंदीच्या घरातला स्वयंपाकाचा कट्टा फार राबतो. सकाळच्या भाकऱ्या त्याच्यापाशी होतात. पावसाळा सरला की शेतातून आलेली रताळी त्यावर चिरली जातात. उन्हाळ्यात फणसाचा चीक, ओल्या काजूचे तेल आणि आमसुलांचा रस त्याच दगडावर सांडतो. शेजारच्या न्हाणीतला छोटा कट्टा हंडा, घागर, साबण आणि धुण्याचा सोडा झेलत असतो. बरीच वर्षे असे राबून हे दगड थकतात. कडा फुटतात, सिंकजवळ दगड खडबडीत होतो, भिंतीलगतचा सांधा काळा पडतो. घरात लग्नकार्य निघाले की कट्टा बदलायचा विषय निघतोच. मग कोणीतरी बेळगावात जाऊन ग्रॅनाईटचा रंग पसंत करून येते आणि चार दिवसांत मेस्त्री हातोडा घेऊन दारात उभा राहतो.

या क्रमालाच माझा विरोध आहे. रंग सगळ्यात शेवटी ठरवायचा असतो. कट्टा वरून जितका झिजतो त्याच्या कितीतरी पट तो खालून आणि मागून खराब होतो, आणि ते काम पाणी करते. भिंतीच्या सांध्यातून, सिंकच्या कडेखालून, नळाच्या भोकातून रोज थोडे पाणी आत जाते. दगडाखालचा सिमेंटचा थर सुटतो, विटांचे खांब ओल धरतात, खालच्या फळ्यांना वाळवी लागते. हे तसेच ठेवून वर नवा काळाभोर ग्रॅनाईट बसवला, तर पैसे जातात आणि तीन पावसाळ्यांत तोच काळा सांधा पुन्हा दिसू लागतो.

बेळगावच्या पश्चिमेकडच्या गावांना ही गोष्ट जास्त लागू पडते. सह्याद्री जवळ असल्याने जून ते सप्टेंबर इकडे हवा सतत ओली असते. जुन्या घरांच्या भिंती मातीच्या, कच्च्या विटांच्या किंवा जांभ्याच्या असतात. जांभा सच्छिद्र असल्यामुळे तो जमिनीतले पाणी वर ओढतो. त्यामुळे कट्ट्यामागची ओल नेहमी सिंकचीच असते असे नाही. ती पायातून चढलेली असेल किंवा भिंतीच्या पलीकडच्या न्हाणीतून येत असेल. आपल्याकडे स्वयंपाकघर आणि न्हाणी बहुधा पाठीला पाठ लावून असतात, म्हणून दोन्ही कट्टे एकत्र तपासावेत आणि जमले तर एकत्रच बदलावेत.

तपासणीला फारसा खर्च येत नाही. रात्री सगळी कामे आटोपली की कट्टा आणि सिंक कोरडे पुसा. कट्ट्याखालचे डबे बाहेर काढून तिथे वर्तमानपत्र पसरा. सकाळी नळ न उघडताच कागद बघा. कागद ओला असेल तर पाणी भिंतीतून किंवा नळाच्या जोडातून येते आहे. कोरडा असेल तर सिंकला बूच लावून ते भरा आणि थोड्या वेळाने एकदम रिकामे करा. आता कागद भिजला तर दोष सिंकच्या जाळीत किंवा खालच्या नळीत आहे. तरीही कोरडा राहिला तर तांब्याने कट्ट्यावर, भिंतीच्या सांध्यालगत पाणी सोडा आणि खाली हात लावून बघा. शेवटी न्हाणीत दोन बादल्या ओता आणि मधल्या भिंतीचा गिलावा पोकळ वाजतो का ते बोटाच्या पेराने ठोकून पाहा. प्रत्येक पायरीला पुरेसा वेळ द्या. दोन-तीन दिवस गेले तरी हरकत नाही, कारण त्यातूनच पुढचा सगळा खर्च ठरणार आहे.

या तपासणीनंतर काही घरांना कळते की कट्टा बदलायची गरजच नाही. दगडाची नुसती चकाकी गेली असेल तर मशीन लावून पुन्हा पॉलिश करता येते. कडप्प्याची जाडी बहुधा भरपूर असते, त्यामुळे तो ते सोसतो. फक्त सांधा गेला असेल तर जुने पांढरे सिमेंट खरवडून, आतली जागा पूर्ण वाळवून सिलिकॉन भरले की काम होते. दगडाला आरपार तडा गेला असेल, दगड खालून सुटून हलत असेल, किंवा उंचीच चुकीची असल्याने घरातल्या बायकांची पाठ दुखत असेल, तर मात्र बदलाच.

उंचीबद्दल थोडे जास्त लिहायला हवे. आपल्याकडे कट्ट्याची उंची मेस्त्री ठरवतो आणि तो सगळीकडे एकच माप धरतो. खरे माप रोज स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या कोपराचे असते. तिने पायात घरातली चप्पल घालून सरळ उभे राहावे, हात कोपरात वाकवावा आणि जमिनीपासून कोपरापर्यंत मोजावे. कणीक मळायला, भाजी चिरायला कट्टा त्याच्याखाली चार ते सहा इंच हवा. साधारण पाच फूट उंचीच्या बाईला ३२-३३ इंच बरोबर पडतात. सासू-सुनांच्या उंचीत फरक असेल तर जी जास्त वेळ उभी राहते तिचे माप धरा. शेगडीची जागा दोन-तीन इंच खाली घेतली तर मोठ्या पातेल्यात बघायला टाचा उंचावाव्या लागत नाहीत. नव्या कट्ट्याला या एका मापाइतका फायदा दुसऱ्या कशाने होत नाही, आणि ते फुकट आहे.

आता दगड. जुन्या घरांत कडप्पा किंवा शहाबादी असते. कडप्पा आंध्रातून येतो, शहाबादी कलबुर्गी जिल्ह्यातून. दोन्ही चुनखडीचे दगड आहेत, म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. आंबट पदार्थाने ते विरघळतात. लिंबू, चिंच, आमसूल, व्हिनेगर, दही यांपैकी काहीही त्यावर राहिले की चकाकी जाते आणि तिथे बोटाला खरखर लागते. ती जागा मळ धरते, मग आपण ती जोराने घासतो आणि दगड आणखी उघडा पडतो. याचा अर्थ कडप्पा वाईट असा नाही. तो स्वस्त आहे, मजबूत आहे, तापलेला तवा सोसतो, आणि आंबट लगेच पुसायची सवय असलेल्या घरात पिढीभर टिकतो. कोकणी पद्धतीचा आंबट स्वयंपाक रोज होत असेल तर मात्र मी ग्रॅनाईट सुचवेन.

ग्रॅनाईट सिलिकायुक्त खनिजांचा बनलेला असतो, त्यामुळे स्वयंपाकघरातल्या आंबटाचा त्याच्यावर परिणाम होत नाही. आपण कर्नाटकात असल्याने इथल्या खाणींचा दगड सहज मिळतो. इळकलचा लालसर दगड आणि चामराजनगरकडचा काळा यांची ख्याती देशाबाहेरही आहे. आंध्रातल्या चिमकुर्तीचा सोनेरी ठिपक्यांचा काळा दगड ‘ब्लॅक गॅलक्सी’ नावाने विकला जातो. दिसायला सगळेच छान असतात, पण फिकट आणि भरड दाण्याचे काही ग्रॅनाईट तेल-हळद पितात, तर घट्ट दाण्याचे काळे सहसा पीत नाहीत. म्हणून दुकानातल्या चर्चेवर विसंबू नका. दगडाचा एक तुकडा मागून घरी आणा आणि त्यावर स्वतः प्रयोग करा.

प्रयोग सोपे आहेत. तुकड्यावर पाण्याचे चार थेंब टाकून पंधरा मिनिटे ठेवा आणि पुसा. खाली गडद डाग राहिला तर दगड पाणी पितो, त्याला सीलर लावावा लागेल. लिंबाची फोड रात्रभर उपडी ठेवा. सकाळी चकाकी गेलेली दिसली तर ग्रॅनाईट म्हणून दुसरेच काहीतरी हातात दिले आहे. पांढऱ्या फडक्यावर थोडे ॲसिटोन घेऊन काळ्या दगडावर घासा. फडके काळे झाले तर दगड रंगवलेला आहे आणि तो रंग काही वर्षांत उन्हाने, उष्णतेने उतरेल. मोठी लादी निवडताना तिची मागची बाजू ओल्या फडक्याने पुसून घ्या. लादी वाळू लागली की केसाएवढी चीर शेवटपर्यंत ओली राहते आणि गडद रेघ होऊन दिसते. अशी रेघ सिंकच्या भोकाच्या जागी येत असेल तर ती लादी सोडून द्या, दुकानदार कितीही सूट देत असला तरी.

आजकाल पांढरा, एकसारखा दिसणारा कृत्रिम क्वार्ट्झ बेळगावातही मिळतो. तो डाग घेत नाही हे खरे. पण दगडाची पूड राळेत घट्ट करून तो बनवलेला असतो, आणि उकळत्या तेलाची कढई किंवा तापलेला लोखंडी तवा थेट ठेवला तर ती राळ पिवळी पडते किंवा तडकते. आपल्या घरात भाकरीचा तवा उतरवून बाजूला ठेवायची सवय आहे, म्हणून मी तो सुचवत नाही. त्याची दुसरी अडचण आणखी गंभीर आहे. या दगडात सिलिकाचे प्रमाण खूप जास्त असते. तो कोरडा कापताना उडणारी बारीक धूळ कापणाऱ्याच्या फुप्फुसात बसते आणि सिलिकोसिस हा न बरा होणारा आजार जडतो. कामगारांना होणाऱ्या या आजारामुळे ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून असा दगड बनवणे, विकणे आणि बसवणे बंद केले.

ग्रॅनाईटमध्येही सिलिका असतेच, म्हणून हा मुद्दा प्रत्येक घराला लागू आहे. कट्ट्याचा दगड घरात बसून कोरडा कापू देऊ नका. मेस्त्रीला सांगा की कटिंग अंगणात होईल, कटरच्या पात्यावर एकजण पाणी सोडत राहील, आणि तोंडाला धुळीसाठीचा चांगला मास्क असेल. नुसता रुमाल ती धूळ अडवत नाही. मास्क तुम्हीच आणून द्या. तो आपल्या घरासाठी राबणारा माणूस आहे, त्याच्या फुप्फुसाची काळजी आपल्या कामाचाच भाग आहे. घरात लहान मूल किंवा दमेकरी असेल तर त्या दिवशी त्यांना नातेवाइकांकडे पाठवा आणि धूळ कोरड्या झाडूने न झाडता ओल्या फडक्याने पुसा.

माप घेताना जुन्या घराच्या भिंतींवर विश्वास ठेवू नका. मातीच्या भिंतीला पोट असते, कोपरे काटकोनात नसतात. कोपऱ्यातून एका भिंतीवर तीन फुटांवर आणि दुसऱ्या भिंतीवर चार फुटांवर खूण करा. दोन खुणांमधले अंतर बरोबर पाच फूट आले तर कोपरा काटकोनात आहे. नसेल तर खोक्यांचा पुठ्ठा जोडून कट्ट्याचा पूर्ण आकार भिंतीला चिकटवून कापून घ्या आणि तो पुठ्ठाच दगड कापणाऱ्याकडे न्या. भिंतीला भिडणारी बाजू पुठ्ठ्याप्रमाणे कापली की मागे दोन-तीन मिलिमीटरची सारखी फट राहते. ती हवीच, कारण त्यात सिलिकॉन बसते. फट बोटभर झाली की मेस्त्री तिथे सिमेंट भरतो. दगड आणि भिंत वेगवेगळे हलत असल्याने ते सिमेंट पहिल्याच वर्षी चिरते आणि पाण्याची जुनी वाट पुन्हा उघडते.

वजनाचाही हिशोब करा. १८ मिलिमीटर जाडीचा ग्रॅनाईट चौरस फुटाला साधारण साडेचार किलो भरतो. आठ फूट लांब, दोन फूट रुंद कट्टा म्हणजे सत्तर किलोंच्या वर दगड, शिवाय पाण्याने भरलेले सिंक आणि मोठी पातेली. हा भार मातीच्या किंवा जांभ्याच्या भिंतीत खाच पाडून तिच्यावर टाकू नये. कट्टा स्वतःच्या पायांवर उभा असावा. विटांचे खांब, उभ्या कडप्पा फरश्या किंवा गंजरोधक रंग दिलेली लोखंडी चौकट, यातले काहीही चालेल. दोन आधारांमधले अंतर दोन-सव्वादोन फुटांपेक्षा जास्त नको, आणि सिंकच्या दोन्ही बाजूंना लगेच आधार हवा. पुढची कड आधाराच्या बाहेर एक इंच काढा आणि तिच्या खालच्या अंगाला कटरने एक बारीक खाच लांबभर मारून घ्या. वरून ओघळलेले पाणी त्या खाचेशी थांबून खाली पडते, मागे फळीपर्यंत पोहोचत नाही. दगड कापणाऱ्याला हे काम काही मिनिटांचे आहे, पण तुम्ही सांगितल्याशिवाय तो करणार नाही.

कमी जागेत, सतत ओल्या हवेत कट्टा कसा टिकवायचा याचे सर्वांत कसोटीला उतरलेले उत्तर शिडाच्या बोटीत शोधावे लागते, आणि त्यासाठी फार दूर जायला नको. आपल्या खानापूर तालुक्यात उगम पावणाऱ्या म्हादईचेच नाव भारतीय नौदलाच्या ‘म्हादेई’ या ५६ फुटी शिडाच्या नौकेला दिले आहे. ती गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या ॲक्वेरियस कारखान्यात बांधली गेली आणि २००९ मध्ये नौदलात दाखल झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिलीप दोंदे तिच्यातून मुंबईहून एकटे निघाले आणि मे २०१० मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करून परतले. असा प्रवास करणारे ते पहिले भारतीय. २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी याच नौकेतून कुठेही न थांबता जगाला फेरी घातली. महिनोन्महिने हलत्या, खारट ओलीत स्वयंपाक करायचा तर कट्टा कसा असावा, याबाबत जगभरच्या बोटबांधणाऱ्यांचे काही ठरलेले नियम आहेत.

त्यातले दोन आपल्या कामाचे. बोटीच्या कट्ट्याला समोरून एक उंच कड असते, म्हणजे भांडी घसरत नाहीत आणि सांडलेले पाणी जमिनीवर न जाता सिंककडे वळते. आपण तशीच पाच-सहा मिलिमीटरची पट्टी पुढच्या काठावर चिकटवून घेऊ शकतो, निदान सिंकच्या आसपास तरी. दुसरा नियम लाकडाचा. बोटीचा कट्टा बहुधा प्लायवूडवर पातळ थर चढवून केलेला असतो, कारण तिथे दगडाचे वजन परवडत नाही. हा प्लाय पृष्ठभागावरून सडत नाही. सिंकसाठी, नळासाठी पाडलेल्या भोकाच्या उघड्या कडेतून पाणी शिरते आणि तिथून सड सुरू होते. म्हणून जाणकार बोटबांधणारा भोक पाडल्यावर त्या कडेला इपॉक्सीचे दोन-तीन हात देतो आणि ते वाळल्यावरच सिंक बसवतो.

आपल्या कट्ट्याखाली जी कपाटे, फळ्या येतात त्यांना हा नियम जसाच्या तसा लावा. बाजारात ‘वॉटरप्रूफ’ म्हणून बरेच काही विकतात. भारतीय मानकाप्रमाणे मरीन प्लायवर आयएस ७१० असा शिक्का असतो, तो बघून घ्या. नळी जाण्यासाठी पाडलेले प्रत्येक भोक आणि कापलेली प्रत्येक कड इपॉक्सीने किंवा निदान ऑइलपेंटने बंद करा. सुताराला ही सवय नसते, तेव्हा डबा आणि ब्रश तुम्ही हातात द्या. कपाट जमिनीपासून चार इंच वर, प्लास्टिकच्या किंवा स्टीलच्या पायांवर ठेवा. खाली झाडता येते आणि वाळवीची माती लगेच दिसते. खरे सांगायचे तर आपल्याकडच्या ओलीत मी सिंकखाली कपाटच करू नये असे म्हणेन. उघडी जागा, एक कडप्प्याची फळी आणि समोर पडदा असला तर गळती त्याच दिवशी कळते.

सिंकचे भोक पाडताना आतले कोपरे टोकदार राहू देऊ नका. दगडाला तडा नेहमी अशाच कोपऱ्यातून सुरू होतो. कोपऱ्याला आधी गोल ड्रिल मारायचे आणि मग सरळ कापायचे. सिंकच्या पुढे आणि मागे किमान तीन इंच दगड राहिला पाहिजे. दगडाचा जोड सिंकवर येऊ देऊ नका, दोन आधारांपैकी एकाच्या डोक्यावर घ्या. भोक पाडलेली लादी उचलताना आरशासारखी उभीच धरून न्यायची. आडवी धरली की तिच्या स्वतःच्या वजनाने सिंकपाशी मोडते. सिंक दगडाच्या वर बसणारे घ्यायचे की खालून लावायचे यावर बरीच मते आहेत. खालून लावलेले पुसायला सोपे, पण त्याचे सगळे भवितव्य गोंदावर. गावात दुरुस्तीला माणूस लगेच मिळत नाही, म्हणून वर बसणारे सिंक मला जास्त भरवशाचे वाटते.

गॅसबद्दल हयगय नको. जुना कट्टा तोडण्याआधी रेग्युलेटर काढून सिलिंडरला टोपण लावा आणि सिलिंडर घराबाहेर, मोकळ्या हवेत उभा ठेवा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळाला तर तो जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडर कट्ट्याखाली बंद कपाटात ठेवणार असाल तर त्या कपाटाला अगदी तळाशी हवा जायला जाळी पाहिजे. शेगडी सिलिंडरच्या पातळीपेक्षा वर असावी. नारिंगी सुरक्षा नळीवर तारीख छापलेली असते. पाच वर्षे झाली असतील तर याच वेळी बदला, आणि नळी दगडाच्या कापलेल्या धारेवर घासत नाही ना हे स्वतः हात लावून बघा.

न्हाणीकडे वळताना हे लक्षात असू द्या की तिथले खरे काम दगडाखालीच होते. जुना कट्टा आणि फरशी काढली की मेस्त्री लगेच नवी बसवायला बघतो. त्याला थांबवा. उघडी जमीन आणि भिंतीचा खालचा एक फूट साफ करून त्यावर पाणीरोधक सिमेंट-पॉलिमरचे दोन हात द्या, दुसरा पहिल्याच्या आडव्या दिशेने. जमीन आणि भिंत यांच्यामधला कोन गोलसर करून घ्या. वाळल्यावर नहाणी ट्रॅपला बूच लावून दोन-तीन इंच पाणी भरा आणि चोवीस तास ठेवा. दुसऱ्या दिवशी पातळी उतरली नाही आणि पलीकडची भिंत कोरडी राहिली, तरच फरशी. उतार ट्रॅपकडे, दर सहा फुटांना किमान एक इंच. हंडा-घागरीसाठीचा कट्टा विटांचा भरीव करण्यापेक्षा दोन उभ्या फरश्यांवर मोकळा ठेवला तर त्याच्या खाली धुता येते आणि ओल कोंडत नाही. त्याच्यावरचा दगड गुळगुळीत पॉलिशचा चालेल, पण पायाखालचा खडबडीतच हवा. घरात म्हातारी माणसे असतात, साबणाच्या पाण्यात पाय सरकतो. फरशी उघडी आहे तोवरच भिंतीत एक आधाराचा दांडा बसवायची तजवीज करून घ्या.

न्हाणीत आणखी एक नुकसान सर्रास होते. बोअरच्या पाण्याने नळावर, दगडावर पांढरे खवले धरतात. ते काढायला लोक संडास साफ करायचे ॲसिड ओततात. खवला म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, आणि कडप्पा-शहाबादीही तेच. जे ॲसिड खवला विरघळवते ते दगडही विरघळवते, आणि फरश्यांच्या सांध्यातले सिमेंटही खाते. ग्रॅनाईटला ते तितके बाधत नाही, सांध्यांना मात्र बाधतेच. रोज काम झाल्यावर दगड फडक्याने कोरडा पुसला तर खवला धरत नाही. आणि ॲसिड व ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो. न्हाणी छोटी, खिडकी बंद, अशा ठिकाणी हे जिवावर बेतते.

काम केव्हा काढावे? दिवाळीनंतर ते होळीपर्यंतचा काळ सर्वांत चांगला. भिंती कोरड्या असतात आणि सिलिकॉन नीट चिकटते. ओल्या भिंतीला ते धरत नाही, वरून बसल्यासारखे दिसते आणि महिन्याभरात पट्टीसारखे सुटून येते. लग्न मे महिन्यात असेल तर एप्रिलपर्यंत थांबू नका. त्या सुमाराला सगळेच मेस्त्री गुंतलेले असतात आणि घाईत आधी पाण्याची चाचणीच गाळली जाते. लग्नाआधी वेळ उरला नसेल तर सरळ पुढच्या हिवाळ्यावर टाका. पाहुणे तुमचा जुना कट्टा लक्षात ठेवणार नाहीत.

पैशांचे बोलणे कागदावर करा. दगड चौरस फुटावर, कडेचे पॉलिश धावत्या फुटावर, सिंकचे आणि शेगडीचे भोक नगावर आकारतात. लादीचा कापून उरलेला भाग तुमच्या बिलात धरला जातो की नाही हे आधीच विचारा. धरला जात असेल तर तो तुकडा तुमचा आहे, घरी आणा. त्याच्यातून न्हाणीतली साबणाची फळी, देवघराची पाटी, खिडकीचा पाट निघतो. जुन्या सामानाची तोडणी आणि मलबा उचलणे मजुरीत आहे का, हेही लिहून घ्या. वाद बहुतेक वेळा याच दोन गोष्टींवरून होतात.

नवा कट्टा बसल्यावर पहिले चोवीस तास सांध्यांना पाणी लावू नका, दोन दिवस ठेवले तर आणखी चांगले. त्या काळात स्वयंपाक अंगणात किंवा शेजारी. दगड पाणी पिणारा निघाला असेल तर पूर्ण वाळल्यावर सीलर लावा आणि वर्षातून एकदा तीच थेंबांची चाचणी करून पुन्हा लावायचा का ते ठरवा. कडप्प्याला खोबरेल चोळायची आपली जुनी पद्धत आहे. त्याने तो काळा दिसतो, पण तेल धूळ धरते, म्हणून अगदी थोडे लावून कोरड्या फडक्याने पूर्ण पुसून काढा. हळदीचा डाग घासत बसू नका. हळदीचा रंग प्रकाशात फिका पडतो, खिडकीचे ऊन तिथे पोहोचत असेल तर काही दिवसांत तो आपोआप जातो. तेलाचा डाग असेल तर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून त्याचा जाड लेप द्या, वर प्लास्टिक झाकून रात्रभर ठेवा आणि सकाळी पुसा. फणस फोडताना दगडावर आधी तेलाचा हात फिरवा आणि काजूच्या बिया मात्र कट्ट्यावर फोडूच नका, त्यांच्या टरफलाचे तेल हात भाजते आणि दगडावर काळा डाग पाडते. त्यांच्यासाठी अंगणात जुन्या कडप्प्याचा एक तुकडा मांडून ठेवा. उरलेल्या जुन्या फरश्या विहिरीवर कपडे धुवायला, गोठ्यात वैरणीचा कट्टा करायला आणि परसात वाळवणाची टोपली टेकवायला अजून कितीतरी वर्षे चालतील.